टॉवेलाखाली घेतलेला कॉम्प्रेसर

लुधियाना, ता. २० फेब्रुवारी १९७८

ती. पिराजी मामांच्या चरणी भाचा कृष्णात याचा लांबूनच दंडवत. लांबूनच बरा, कारण आज समोर असतो तर वाकलो असतो की नसतो हे माझं मलाच सांगता येत नाही. तुमचा गुडघा, मामींचा दमा आणि चंद्री म्हैस अशी तिघंही बरी असतील अशी आशा करतो. (चंद्रीची चौकशी मुद्दाम केली आहे. तिचा विषय पुढं येणार आहे आणि तो काही चांगल्या अंगानं येणार नाही.) मी इकडं तब्येतीनं ठीक आहे. थंडी अजून हटत नाही, खानावळीतल्या डाळीला तिखट माहीत नाही, मी वर चटणी मागितली की वाढपी माझ्याकडं दवाखान्यातून पळून आल्यासारखा बघतो, पण ते रोजचंच. डोकं मात्र चार दिवस झाले ठिकाणावर नाही. माझ्या दोस्ताचं, जयसिंगचं पत्र आलं तेव्हापासून.

(शालन, हे पत्र नेहमीप्रमाणं तूच मामांना वाचून दाखवणार, म्हणून तुला आधीच सांगून ठेवतो. तू कुठलंही पत्र पोथी वाचल्यासारखं एका सुरात वाचतेस. हे तसं वाचायचं नाही. हे रागानं लिहिलंय, रागानंच वाच. जिथं पेन दाबून कागद फाटलाय तिथं आवाज चढव. कट्ट्यावर केरबा तात्या आणि बाकीची मंडळी येऊन बसली असतील तर त्यांनाही ऐकू जाऊ दे. त्यांच्या गाड्यांच्या चाकातसुद्धा माझीच हवा आहे.)

पत्र लिहायला कारण एकच, तो कॉम्प्रेसर. पण त्याआधी दिवाळीची आठवण करून देतो, कारण तुम्हाला सोयीचं तेवढंच आठवतं असं आई म्हणते, आणि आई तुमची सख्खी बहीण आहे. दिवाळीत मी आलो होतो, आईनं शालनचा विषय काढला, आणि तुम्ही पान जुळवत सगळ्यांसमोर म्हणालात, "घरात बसून मिळवणारा जावई पायजे. पोरगी पंजाबात धाडायची न्हाय मला." बरोबर? माझ्या तोंडात तेव्हा बेसनाचा लाडू होता. पण तो शब्द मी उचलला. इथं मी दोन वर्षं सायकलीच्या कारखान्यात स्प्रे गन धरून उभा आहे. सकाळी आठपासून फ्रेमी येतात, मी रंग मारतो, संध्याकाळी नाक शिंकरलं की त्या दिवशी कुठला रंग चालू होता ते कळतं. शाळेत मला सहावीपर्यंत जे जमलं नाही ते इथं जमलं. डोळे झाकून फवारा मारला तरी ओघळ येत नाही. मिस्त्री दुसऱ्या पोरांना माझा हात दाखवतो. आणि तिकडं जयसिंग घरामागच्या परड्यात लोखंडी कपाटं बनवतो आणि ब्रशनं रंगवतो. त्याचं कपाट बघितलं की पोतेरं फिरवल्यासारखं वाटतं. लग्नसराईत लोक आता तसली कपाटं घेत नाहीत. तो म्हणाला, कृष्णा, कसबा बावड्यात तुमच्या घरापुढं पत्र्याचं शेड रिकामं आहे, एक कॉम्प्रेसर बसव, अक्षय तृतीयेच्या आधी वीस कपाटं रंगवून दे, पुढं जितकी बनतील तितकी तुझीच. म्हणजे घरात बसून मिळवणं झालं की नाही? तुमची अट पुरी झाली की नाही?

म्हणून मी दोन वर्षांची सगळी शिल्लक आईकडं पाठवली. मला स्वतःला यायला रजा नव्हती, म्हणून कॉम्प्रेसर कसा निवडायचा ते एका कागदावर सविस्तर लिहून पाठवलं. आईनं तो कागद जयसिंगकडं द्यायचा, तर दिला तुमच्याकडं. का, तर आमच्या अख्ख्या भावकीच्या म्हशी तुम्ही निवडून दिल्यात. (आईचा राग आला, पण आईला पत्रात रागावता येत नाही. तू बावड्याला आलीस की तिचीही पत्रं तूच वाचून देतेस, शालन, आणि तुझ्या तोंडून आईला शिव्या नकोत.)

आता त्या कागदावर काय होतं ते पुन्हा लिहितो, कारण तो कुणी उघडून बघितलाच नाही. तुम्ही तो फेट्याच्या घडीत ठेवलात आणि दुकानातून परत येईपर्यंत तिथंच ठेवलात. जयसिंगनं विचारलं तर म्हणालात, कागद काढला की दुकानदाराला कळतं, ह्याला गरज आहे. मामा, दुकानात गरज नसलेला माणूस कशाला जाईल? असो. कागदावर पहिली ओळ अशी होती की यंत्र सिंगल फेजचं घ्यावं, म्हणजे घरात ज्या लाईनवर दिवा आणि पंखा चालतो त्याच लाईनवर चालणारं. त्याखाली मी दोन रेघा मारल्या होत्या. दुसरं असं की टाकी बघून भुलू नये, वरचा पंप बघावा. तुम्हाला समजावं म्हणून मी तिथं मुद्दाम म्हशीचं लिहिलं होतं. टाकी म्हणजे पोट आणि पंप म्हणजे कास, पोट कितीही मोठं असलं तरी धार कासेतून यायची आहे, म्हणून दर मिनिटाला किती हवा सोडतो तेवढं विचारा. आणि तिसरं, टाकीच्या बुडाला पाणी सोडायचा कॉक आहे की नाही बघा, कारण हवा दाबली की तिच्यात पाणी सुटतं आणि ते पाणी रंगात आलं तर सगळं वाटोळं. एवढं सोपं लिहिलं होतं. केरबा तात्यांच्या नातवालासुद्धा कळलं असतं, आणि तो अजून पाटी चाटतो.

तर तुम्ही शाहूपुरीतल्या यंत्रांच्या दुकानात गेलात. खांद्यावर टॉवेल, बरोबर जयसिंग. त्यानं सगळं लिहिलंय, काही लपवलं नाही, उलट लिहिताना हसत होता हे त्याच्या अक्षरावरून दिसतं. दुकानात दोन यंत्रं होती. एक लाल, लहान, सिंगल फेजचं, मी लिहिलं होतं तसंच. दुसरं करड्या रंगाचं, थोराड, टाकी गाभण म्हशीएवढी. लाल यंत्र बघून जयसिंगनं तुम्हाला कोपरानं ढोसलं की हेच. तुम्हालाही ते कळलं, हे मी तुमच्या बाजूनं मान्य करतो. पण बाजारात जे जनावर घ्यायचं असतं त्याच्याकडं बघायचं नसतं, हा तुमचा चाळीस वर्षांचा कायदा. म्हणून तुम्ही लाल यंत्राकडं पाठ केलीत, करड्या यंत्राभोवती दोन फेऱ्या मारल्यात, त्याच्या टाकीवर थाप टाकलीत आणि म्हणालात, "काय अंग हाय, पावणं. नजर ठरत न्हाय." आणि लाल यंत्राला जाता जाता पायानं दाखवून म्हणालात, "ह्येचं प्वाट खपाटीला गेलंया. महिन्याभरात बसंल ह्ये."

मामा, जनावरांच्या बाजारात समोरच्याला हा खेळ माहीत असतो. तुम्ही नावं ठेवली की त्याला कळतं, गिऱ्हाईक अडकलं. पण तो बिचारा शेठजी यंत्रांचा व्यापारी. त्याला वाटलं, माणूस जाणकार दिसतो, मनापासून बोलतो. त्यानं गड्याला हाक मारली आणि लाल यंत्र आत नेऊन ठेवायला सांगितलं. ते डोळ्यांदेखत आत गेलं आणि तुम्ही थांबवलं नाही. जयसिंग पुढं झाला तर त्याचा सदरा धरून मागं ओढलात आणि कानात सांगितलंत की थांब, आता तो ते घेऊन परत येईल, तासाभरात पाया पडंल. तो काय ते घेऊन आला नाही. तो पावतीपुस्तक घेऊन आला.

पुढचं वाचून मी जेवलो नाही. शेठजीनं विचारलं, ह्याच्यात दोन प्रकार येतात, सिंगल फेज पाहिजे का थ्री फेज. तेव्हा दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती. चारचौघांत सौद्याचं तोंडानं बोलायचं नाही हा तुमचा दुसरा कायदा. तुम्ही पुढं होऊन त्याचा हात धरलात, वर टॉवेल टाकलात आणि आत त्याची बोटं चाचपायला लागलात. शेठजीला आधी वाटलं म्हाताऱ्याला घेरी आली. त्यानं पाणी मागवलं. तुम्ही पाणी प्यालात (नाही म्हणायचं नाही हा तिसरा कायदा असावा), परत टॉवेलाखाली हात घातलात आणि त्याची तीन बोटं दाबलीत. तुमच्या मनात होतं, किमतीत तीनशे उतर. त्यानं विचारलं होतं फेज. तो म्हणाला, थ्री, बरं बरं, आणि पावतीवर थ्री फेज लिहिलं. तुम्ही त्याच्या हातावर टाळी दिलीत आणि बाहेर येऊन जयसिंगला म्हणालात, "एका दाबात उतरला. नवा हाय धंद्यात." किंमत एक रुपयानं उतरली नव्हती, मामा. तो नवा नव्हता. तुम्ही नवे होता.

यंत्र बावड्याला आलं. आईनं हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, गल्लीला खोबरं वाटलं. मग वायरमन आला, त्यानं मोटरीवरची पट्टी वाचली, आमचा मीटर बघितला आणि पिशवी उचलून चालायला लागला. म्हणाला, ह्याला तीन फेज लागतात, तुमच्यात एकच येतो, हे इथं चालायचं नाही, फक्त गुरगुरंल आणि फ्यूज नेईल. घरात तीन फेज मागायला अर्ज करा, माझी नोकरी संपायच्या आत कधीतरी मिळंल. आईनं तुम्हाला निरोप पाठवला. दुसरा कोणी असता तर तोंड लपवलं असतं. तुम्ही दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरची ट्रॉली घेऊन आलात, यंत्र तिच्यावर चढवलंत आणि वारणाकाठी आपल्या गावी घेऊन गेलात. का, तर तुमच्या विहिरीवरच्या मोटरीला तीन फेज आहेत. तिथंच गोठा आहे, गोठ्यात चंद्री आहे, आणि चंद्रीच्या शेजारी आता माझी दोन वर्षं दावणीला बांधल्यासारखी उभी आहेत.

जयसिंग लिहितो की सकाळपासून तुमच्या दारात रांग असते. ऊस वाहणाऱ्या गाड्या, ट्रॅक्टर, सायकली, सगळ्यांना हवा. फुकट. तुम्ही खाटेवर बसून नळी कुणाला द्यायची ते सांगता, लोक तुम्हाला बिडी देतात आणि पिराजी आण्णांचं यंत्र म्हणतात. दुपारी त्याच नळीनं तुम्ही चंद्रीच्या अंगावरच्या माशा उडवता. पहिल्या दिवशी यंत्र सुरू झालं तेव्हा चंद्री दावं तोडून केरबा तात्यांच्या उसात घुसली आणि दोन दिवस तिनं दूध चोरलं, हे ऐकून मला जरा बरं वाटलं होतं. पण आता म्हणे तिला त्या आवाजाची इतकी सवय झाली आहे की यंत्र धडधडायला लागल्याशिवाय ती पान्हाच सोडत नाही. म्हणून तुम्ही धारेच्या वेळी दोन्ही वेळेला ते चालवता. मी इथं सपक डाळीवर दिवस काढून जे घेतलं ते म्हशीला अंगाई म्हणायला घेतलं काय?

आणि कपाट. जयसिंग नेटानं एक कपाट तुमच्या गोठ्यात घेऊन आला, की निदान एक तरी रंगवून बघू. टाकीत आठवड्याचं पाणी साठलं होतं. तो बुडाचा कॉक उघडायला वाकला तर तुम्ही ओरडलात की भरलेली हवा सोडायची नाही, रात्रभर ठेवली आहे, सकाळी गाड्यांना लागेल. कॉकवर तुम्ही सुतळी बांधून गाठ मारली आहे असंही त्यानं लिहिलंय. मग व्हायचं तेच झालं. रंगाबरोबर पाणी आलं, वरनं गोठ्यातला भुसा उडून चिकटला, आणि मोरपंखी रंगाच्या कपाटाला देवी आल्यासारखे फोड आले. जयसिंग कपाळाला हात लावून बसला आणि तुम्ही लांबून बघून म्हणालात, "उठून दिसतंय की." दिसणारच. कपाट कुणाच्या लग्नात जायचं होतं, आता ते तुमच्या पेंडीच्या पोत्यांना लागलंय.

मामा, आता खरं बोलतो. (शालन, इथं जरा थांब, मामांना पाणी दे, आणि मग पुढं वाच.) चाळीस वर्षांत तुम्ही एक म्हैस चुकीची घेतली नाही. आंधळी, दहा बाजार फिरवून आणलेली, शिंगं रंगवलेली, कुठलीही खोड तुम्ही लांबून ओळखता. मग माझ्याच वेळेला एवढं कसं चुकलं? आईनं आत्ता कळवलंय की शालनला हुपरीचं स्थळ आलंय. घरचा पैंजणांचा कारखाना, पोरगा घरात बसून चांदी ठोकतो, आणि ५ मार्चला रविवारी मंडळी बघायला येणार. घरात बसून. हा शब्द वाचला आणि माझ्या डोक्यात दिवा लागला. तुमची अट माझ्याच यंत्रानं मोडली, आणि ते यंत्र तुम्ही निवडलंत. मुद्दाम केलंत असं मी म्हणत नाही. पण मुद्दाम केलं नाहीत असंही मला म्हणता येत नाही, आणि चार दिवस मी मशीनवर उभा राहून ह्या दोन गोष्टींच्या मधे हेलकावे खातोय. काल एका फ्रेमीला दोनदा रंग मारला.

म्हणून शेवटचं सांगतो. ५ तारखेच्या आत ते यंत्र दुकानात परत करा, जे हाताला लागेल ते आईकडं द्या. मिस्त्रीनं ६ मार्चला सही मागितली आहे, अजून दोन वर्षं इथं राहण्याची. मी सही करतो. वीस कपाटं जयसिंग ब्रशनं रंगवील, त्याचं नशीब. शालनचं हुपरीला जमवून टाका. मी लग्नाला येणार नाही, आणि तुमच्या उंबऱ्याला ह्या जन्मात पाय लावणार नाही.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. लोभ सध्या तुमच्याकडंच असू द्या, मला इथं ठेवायला जागा नाही.

तुमचा (आईकडून) भाचा,
कृष्णात

ता.क. यंत्र परत गेल्यावर चंद्री आटली तर मला बोल लावू नये. धारेच्या वेळी रिकामा पत्र्याचा डबा वाजवून बघावा. जोरात वाजवावा लागेल. माझ्या रागानं वाजवला तर पुरेल.

ता.क. दुसरा. हे फक्त शालनसाठी. तू पत्र आधी परड्यात एकटी वाचतेस आणि मग कट्ट्यावर आणतेस, हे मला जयसिंगनं कळवलंय. म्हणून हे इथं लिहितो.

जयसिंगनं यंत्रावरच्या पट्टीवरचं सगळं इंग्रजी कागदावर उतरवून पाठवलं होतं. मला ते वाचता येत नाही, आणि रागाच्या भरात मी कुणाकडून वाचूनही घेतलं नाही. काल मिस्त्रीला दाखवलं, की बघा माझ्या मामानं काय गाढवपणा केलाय. सरदारजीनं चष्मा लावून दोनदा वाचलं आणि विचारलं, "किसने पसंद किया?" मी म्हणालो, मामांनी. तो म्हणाला, उनको इधर भेज दो. पंप डबल सिलिंडरचा आहे, शालन. टाकी मोठी आहे ती पोट सुटलं म्हणून नाही, कासेला शोभेल एवढीच आहे. मी लिहिलं होतं ते लाल यंत्र एका गनला पुरलं असतं आणि तिसऱ्या कपाटाला धापा टाकली असती. हे एका वेळेला गन चालवील आणि पत्रा घासायचं हवेचं मशीनही चालवील. म्हणजे वीस कपाटं मला एकट्याला वेळेत होतात, मी मार्चच्या दहा तारखेपर्यंत आलो तर. मामांनी ते कसं निवडलं हे देवाला माहीत. मी विचारणार नाही आणि ह्या पत्रात त्यांना कबूलही करणार नाही.

पण ते बावड्यात चालणार नाही. चालायचं तर तुमच्या विहिरीवरच. गोठ्याला मधून पत्रे मारले की भुसा येणार नाही, आणि कॉकवरची सुतळी तोडून रोज सकाळी पाणी सोडलं की फोड येणार नाहीत. एवढंच काम आहे. म्हणजे मला तिथंच येऊन राहावं लागणार, तुमच्या दारात, तुमच्या ताटात, आणि गाव मला घरजावई म्हणणार. चार दिवस मी रागावलो त्यातले अडीच दिवस ह्याच शब्दावर होते. इथं लोक मला ओए मदरासी म्हणतात, दोन वर्षं ऐकून घेतोय. मग ते का नाही ऐकायचं?

एक राहिलं. मी आईला विचारलं, मामांना विचारलं, मिस्त्रीला विचारलं, यंत्राचं वजनसुद्धा विचारलं. तुला कधी विचारलं नाही. आत्ता विचारतो, आणि त्या ५ तारखेच्या रविवारच्या आत उत्तर पाहिजे. हुपरी तुझ्या मनात असेल तर वरचं सगळं जसं आहे तसं कट्ट्यावर मोठ्यानं वाच, यंत्र परत करा त्यासकट. मी सही करीन, आणि तुझ्यावर कधी रागावणार नाही, रागवायला मला मामा पुरेत. आणि हुपरी मनात नसेल तर "म्हणून शेवटचं सांगतो" पासून खाली एक अक्षर वाचू नकोस, तिथंच घडी घाल आणि मला तार कर. तारेत दोन शब्द पुरे, सुतळी तोडली. मी त्याच संध्याकाळी गाडी धरतो.

मामांनी विचारलंच की एवढं जाड पाकीट आणि वाचलंस एवढंच, तर सांग, बाकी सगळ्या शिव्या होत्या.